मिर्याम परत येईपर्यंत

तिसगाव मागं पडलं की थोड्या अंतरावर एक फाटा लागतो. तिथं मी परवा गाडी थांबवायला लावली. गाडी भाचा चालवत होता. तो म्हणाला, "आत्या, इथं काय आहे? चहा पुढं चांगला मिळतो." मी म्हटलं, "चहा तू पी जा, मला उतरू दे." नव्वदी ओलांडलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नाही. म्हातारपणाचा तेवढाच एक फायदा.

खरं सांगायचं तर मी रागातच उतरले. मागच्या सीटवर भाच्याची पोरगी मोबाईल घेऊन बसली होती. नगर सोडल्यापासून तिनं सगळ्यांच्या नावांचे अर्थ काढायचा सपाटा लावला होता. माझं नाव घातलं आणि फिस्सकन हसली. "आजी, मिर्याम म्हणजे काय माहितीय? कडू! आणि दुसरा अर्थ बंडखोर!" भाचा म्हणाला, "बरोबर आलंय की." दोघं हसले. मी नाही हसले. जन्मभर नगरला दवाखान्यात नर्सची नोकरी केली, तिथल्या एका मॅडमनं मला तिसराही अर्थ सांगितला होता, खूप वाट बघून झालेलं लेकरू. ह्यातला कुठला खरा ते देवाला ठाऊक. मला तिन्ही चालतात. मी पोरीला म्हटलं, "ह्या नावासाठी इथं सतरा गाड्या थांबल्या होत्या, ते आहे का तुझ्या मोबाईलात?" नव्हतं.

फाट्यावर आता वजनकाटा झालाय. उसाचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. टपरीवर गाणी चालू, कोपऱ्यात टायरांचा ढीग, आणि जिथं आमचं खळं होतं तिथं प्लॉट पाडून पांढऱ्या फरशा रोवल्यात. माळ काही राहिला नाही. पण वारा तोच. डोंगराकडून खाली उतरतो आणि कानात शिरतो. मी तशीच उभी राहिले. डिझेलचा वास हळूहळू मागं गेला आणि एरंडेल तेलात काजळी कालवलेला वंगणाचा वास आला. दिवाळी सरली की आमच्या वाडीला तोच वास असायचा. चाकांच्या आखाला वंगण, बैलांच्या शिंगांना तेल, बायकांच्या हाताला पिठाचा आणि हुलग्याच्या पिठल्याचा वास.

आमची वाडी ख्रिस्ती लोकांची. गावापासून लांब, ओढ्याच्या पलीकडं. मातीचं चर्च, त्याच्या दारात चिंचेला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. रविवारी मास्तर तो दगडानं बडवायचे. शाळाही तेच चालवायचे, शास्त्रही तेच वाचायचे. पिकाला पाऊस कधी पुरायचा नाही, म्हणून दिवाळीनंतर सगळी वाडी गाड्या जुंपून खाली बागायतीत, कारखान्यावर ऊस तोडायला जायची. चर्चला कडी घालायची, कोंबड्या पाटीत बांधायच्या, चालू लागायचं. मागं राहायची ती एक आंधळी म्हातारी आणि कुत्री. नाताळ आम्ही उसाच्या फडातच करायचो, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. तो गोड आंबूस वास अजून नाकात आहे. नाताळ म्हटलं की लोकांना केक आठवतो, मला पाचट आठवतं.

वाडीत नाव ठेवायची एक रीत होती. तशी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोराच्या बापानं हात धुवायचे, डोळे मिटायचे, शास्त्र उघडायचं आणि पानावर बोट ठेवायचं. बोटाखाली किंवा बोटाच्या खालच्या ओळीत पहिलं जे नाव येईल ते लेकराचं. मुलगी असेल आणि बाप्याचं नाव आलं तर बाईचं येईपर्यंत मास्तर खाली खाली वाचत जायचे. पण बोट दुसऱ्यांदा ठेवायचं नाही. देवाला दोनदा विचारायचं नसतं. त्या रीतीपायी आमच्या वाडीत काय एकेक नावं होती! एकाचं हबक्कूक होतं, त्याला सगळे हबू म्हणायचे. एकीचं सिप्पोरा, ती शिपू. एक यहेज्केल होता, त्याच्या आईलासुद्धा ते नाव धड घेता यायचं नाही, ती त्याला नुसतं "आरं ए" म्हणायची.

माझ्या वेळेला बापाचं बोट पडलं ते मिर्यामवर. मास्तरांनी नाव वाचलं आणि दाविदबाबा उभे राहिले. दाविदबाबा म्हणजे आमच्या मंडळीतले वडील, चर्चचे कारभारी, पांढऱ्या मिशा, हातात काठी, शब्द खाली पडायचा नाही असा माणूस. ते म्हणाले, "हे नाव नगं. ह्या मिर्यामनं मोशेच्या इरुद्ध तोंड चालवलं हुतं. देवानं तिला महारोग लावला. आपशकुनी नाव हाय. दुसऱ्यांदा बोट ठिवा."

माझा बाप तसा गरीब गाय. पण त्या दिवशी म्हणाला, "बोट माझं हाय बाबा, नाव देवाचं हाय. मी कशाला बदलू?" आणि आई, मला पदराखाली घेऊन बसलेली, ती म्हणाली, "मास्तर, काय झालं तिचं, सगळं वाचून दावा. शेवटपातूर." मास्तरांनी वाचलं. आईला अक्षर ठाऊक नव्हतं, पण कान असा की एकदा ऐकलं ते गेलं नाही. जात्यावर बसली की ती ओव्यांच्या चालीवर तीच हकिकत म्हणायची. नदीच्या कडंला लव्हाळ्यात भावाची, त्याच मोशेची, टोपली राखणारी मिर्याम. समुद्र दुभंगल्यावर डफ घेऊन बायकांना नाचवणारी मिर्याम. त्याचं तर आमच्या वाडीला भारी कौतुक, कारण डफ कसा वाजवायचा हे आमच्या लोकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मी पेंगत पेंगत ऐकायची. जात्याची घरघर, पिठाचा गरम वास, आणि त्यात माझं नाव. मला वाटायचं ही आपल्याच वाडीतली कोणीतरी होती.

तिसगावच्या बाजारात माझ्या नावाची आणखी एक बाई होती. मरियमखाला. बांगड्या भरायची. डोक्यावर टोपली, तोंडात पान, पायात बाप्याच्या वहाणा. गावातल्या काही बायका आमच्या वाडीला शिवून घ्यायच्या नाहीत, पण खाला सरळ आमच्या ओट्यावर मांडी घालून बसायची आणि हात मांडीवर ओढून घ्यायची. मला बघितलं की म्हणायची, "आगं, तुजं नाव माजं नाव येकच. तुमी मिर्याम म्हनता, आमी मरियम म्हनतो, आल्ला दोगीस्नी वळखतो." आणि सगळ्यांच्या बांगड्या भरून झाल्या की माझ्या हातात एक हिरवी जास्तीची सरकवायची. तिचे हात खरबरीत होते, पण बांगडी चढवताना कधी कळ आली नाही.

त्या साली दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी तेरा वर्षांची. ऊस तोडायला निघायच्या आधी वाडीतल्या सगळ्या बायका नव्या बांगड्या भरायच्या. फडात पहिल्या आठवड्यात सगळ्या फुटायच्या, पण घरातून निघताना हात भरलेले पाहिजेत. खाला आली. माझा हात तिनं मांडीवर घेतला, लुगड्याचा पदर सरकला, आणि कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट डाग सगळ्यांना दिसला.

खालानं बघितलं न बघितल्यासारखं केलं. बांगडी चढवत राहिली. पण शेजारी बसलेली शिपूची आई किंचाळली, "आगं बया! म्हारोग!" ओट्यावरच्या बायका एका दमात उठल्या. बांगड्यांची टोपली कोणाच्या तरी पायानं उलटली. काच फुटल्याचा तो आवाज! त्यानंतर कित्येक वर्षं दवाखान्यात बाटली फुटली तरी माझा हात आधी कोपराकडं जायचा. ओट्यावर उरलो तिघी, आई, मी आणि खाला. खालानं माझा हात सोडला नव्हता.

संध्याकाळच्या आत चर्चमध्ये सगळे जमले. मला दाराबाहेर उभं केलं. दाविदबाबा म्हणाले, "मी त्या दिवशीच सांगितलं हुतं. नावाचा गुन हाय. शास्तरात इलाज बी हाय. मास्तर, वाचा." मास्तरांनी वाचलं, मिर्यामला सात दिवस तळाबाहेर ठेवावं. वाचलं आणि पुस्तक मिटलं. दाविदबाबा म्हणाले, "सात दिस पोरगी माळावरच्या खोपीत ऱ्हाईल. मग बगू." निघायला अजून दहाएक दिवस होते. सात दिवस जातील, डाग वाढला नाही तर पोरगी परत येईल, असा हिशोब आईनं केला असावा. ती घरी आली, माझी गोधडी गुंडाळली आणि माझ्याबरोबर माळापर्यंत चालली. तिथून परत फिरताना म्हणाली, "सात. मोजत ऱ्हा."

खोप जुन्या खळ्याच्या कडेला होती. तुराट्यांच्या भिंती, वर गवत, आत उंदरांचा आणि जुन्या कडब्याचा वास. पहिल्या दिवशी मी रडले. दुसऱ्या दिवशी मला संताप आला. असा संताप, की मी एकटीच मोठमोठ्यानं भांडत होते. दाविदबाबाशी, शिपूच्या आईशी, त्या पुस्तकातल्या मोशेशीसुद्धा. मी काय केलं होतं? त्या मिर्यामनं निदान तोंड तरी चालवलं होतं. मी तर कोणाला अरे म्हटलं नव्हतं. मी ठरवलं की आता चालवायचं. भोगायचंच आहे तर फुकट कशाला भोगायचं!

आई सकाळी भाकरी दगडावर ठेवून जायची. जवळ यायची नाही, दाविदबाबांनी तशी शपथ घातली होती. पण खालाला कोण शपथ घालणार? ती तिसगावहून चालत आली, खोपीत वाकून शिरली आणि माझ्या शेजारी बूड टेकलं. टोपलीतून तेलाची बाटली काढली आणि माझे केस मोकळे केले. मी म्हटलं, "खाला, शिवू नको, तुला लागंल." ती म्हणाली, "गप बस. इतकी वर्सं दुनियेचे हात धरून बांगड्या भरल्या. मला लागायचं आसतं तर कवाच लागलं आसतं." मग डोकं चोळता चोळता तिनं तिच्या शास्त्रातल्या मरियमची गोष्ट सांगितली. तीही अशीच लोकांपासून लांब गेली होती. खजुराच्या झाडाखाली एकटी बसली होती, कळा येत होत्या, आणि सोबत कोणी बाई नाही. देवानं तिला सांगितलं, घाबरू नको, झाड हलव, खजूर पडेल, खा आणि पाणी पी. "कुनी न्हाई आलं, तरी तिनं बाळ आनलंच की न्हाई?" खाला म्हणाली. "आन मग बाळ घिऊन गावात ताठ चालत आली." मला दोन्ही मिर्यामचा हेवा वाटला. एकीला डफ होता, एकीला खजूर. माझ्याजवळ काय होतं? तेल लावलेलं डोकं. पण त्या दुपारी मला झोप लागली.

चौथ्या दिवशी दुपारी सायकलवरून एक माणूस वाडीत शिरताना दिसला. मुकादमाचा माणूस. त्याचा निरोप काय होता ते मला संध्याकाळी खालानं सांगितलं. कारखाना लवकर लागला, गाळप सुरू झालं. उद्या सकाळी गाड्या हलवा, नाहीतर मुकादम दुसरी टोळी लावणार. आमच्या गाडीचे बैल मुकादमाचे होते. गाडीला जाणं भाग, गाडीबरोबर बापाला जाणं भाग, आणि आई गेली नाही तर मोळ्या कोण बांधणार? दाविदबाबांनी सांगून टाकलं होतं, "पोरगी मागं ऱ्हाईल. देव बगंल तिच्याकडं." पाच महिने. ओसाड वाडी, एक आंधळी म्हातारी आणि मी. खाला म्हणाली, "मी येत जाईन बेटी." पण तिचा आवाज पातळ झाला होता. तोंड चालवायचं ठरवलं होतं ते सगळं कुठं गेलं कोण जाणे.

सकाळी सूर्य डोंगराच्या वर आला आणि गाड्या माळावर आल्या. दरवर्षी इथंच सगळ्या गाड्या एका रांगेत लागायच्या, मास्तर प्रार्थना करायचे, आणि मग घुंगरांचा जो काय आवाज व्हायचा! बैलांच्या गळ्यात माळा, गाडीवर उतरंडी, कोंबड्या, पोरं, बाजल्याचे पाय वर. वर्षातला सगळ्यात आवडता दिवस होता तो माझा. त्या दिवशी मी तो खोपीच्या दारातून बघत होते. अंतर फार नव्हतं. थंडीत आवाज लांबवर येतो, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

मास्तरांनी प्रार्थना केली. आमेन झालं. पहिली गाडी दाविदबाबांची. त्यांनी कासरा उचलला. आणि माझी आई रांगेतून चालत पुढं आली. तिनं काही आरडाओरडा केला नाही. दाविदबाबांच्या बैलाच्या मानेजवळ गेली, जूतली शिवळ उपसली आणि पदरात टाकली. शिवळ म्हणजे जूमधून बैलाच्या मानेच्या बाजूला घातलेला लाकडी खुंटा. तो निघाला की जू बैलावर राहत नाही. बैल मोकळा झाला आणि बाजूला जाऊन गवत हुंगू लागला.

"काय करती गं?" दाविदबाबा ओरडले.

"मास्तर, पुस्तक काढा," आई म्हणाली. "त्या दिशी आर्धं वाचलं. पुढचं वाचा."

मास्तर चुळबुळले. "वैनी, आत्ता उशीर होतोय—"

"वाचा की! माझ्या लेकीच्या नावाचं हाय ते. मला तोंडपाठ हाय, पन माझ्या तोंडचं तुमाला पटायचं न्हाई. तुमच्या तोंडचं ऐकू द्या."

मास्तरांनी गाठोडं सोडलं, पुस्तक काढलं, पान शोधलं. बराच वेळ लागला. मग त्यांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. मिर्याम सात दिवस बाहेर होती, आणि तिला परत आणेपर्यंत लोक तिथून हलले नाहीत. लाखांनी लोक होते ते. वाळवंटात, बायकापोरांसकट, उन्हात. हलले नाहीत.

एक बैल फुरफुरला.

दाविदबाबा म्हणाले, "ते त्या काळाचं झालं. आपल्याला मुकादम हाय."

आई म्हणाली, "सात दिस भाईर ठिवा हे ह्या काळाचं, आन थांबा म्हनलं की ते त्या काळाचं, व्हय? बाबा, पुस्तक मानायचं तर आख्खं माना. न्हाईतर माझी पोरगी आत्ताच्या आत्ता गाडीत बसती."

मी खोपीच्या दारात आणखी पुढं सरकले. आईला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझा बाप उठला. आमच्या गाडीपाशी गेला, शिवळा काढल्या आणि आईच्या पदरात नेऊन टाकल्या. त्यानंतर हबूची बायको आली. मग दुसरी, मग तिसरी. बाप्ये गाड्यांवर तसेच बसून राहिले. काहींनी शिव्या दिल्या, एकानं बायकोचा हात धरला, तिनं तो झटकला. शिपूची आई सगळ्यात शेवटी आली. तिनं शिवळा पदरात टाकल्या आणि माझ्याकडं न बघता परत गेली. आईचा पदर लाकडांनी फाटायला आला होता. ती लाकडांची ओटी घेऊन रस्त्याच्या मधोमध बसली.

मुकादमाचा माणूस सायकलवर टांग टाकत म्हणाला, "बसा तिथंच! तुमची जागा गेली म्हनून समजा." आणि गेला. खरंच गेली ती जागा. त्या वर्षी आम्हाला कोल्हारच्या पुढं, नदीकाठच्या एका दलदलीच्या फडात काम मिळालं, सगळ्यात वाईट फडात. मच्छरांनी फोडून काढलं. पुष्कळ घरांत त्या उन्हाळ्यात दोन वेळची भाकर झाली नाही. मी हे लपवत नाही. कोणी सहज उभं राहिलं नव्हतं माझ्यासाठी, पोटाला चिमटा घेऊन उभे राहिले होते.

तीन दिवस सगळी वाडी माळावर राहिली. घरं बंद केलेली पुन्हा उघडायची नाहीत असं म्हणतात, म्हणून तिथंच चुली मांडल्या. वाटेसाठी थापलेल्या भाकरी तिथंच संपल्या. सकाळी धुराचा वास, हुलग्याच्या माडग्याचा वास, बैलांच्या शेणाचा वास. संध्याकाळी टाळ आणि मृदंग, आणि ख्रिस्ती भजनं. माझ्यासाठी आणि माझ्यापासून शंभर पावलांवर. "एका पोरीपायी सतरा घरं उपाशी," असं एकजण मुद्दाम मला ऐकू येईल असं म्हणाला. मला लाज वाटली. आणि आनंद झाला का? झाला. एवढा झाला की मी खोपीत तोंडात गोधडी कोंबून हसले. तेरा वर्षांच्या पोरीला कधी सतरा गाड्यांनी थांबून बघितलंय?

हे सगळं मी परवा वजनकाट्याच्या शेजारी उभी राहून सांगितलं. भाच्यानं पूर्वी ऐकलेलं होतं, तो पंक्चरवाल्याशी बोलत बसला. पोरगी मात्र मोबाईल खाली करून ऐकत होती. "आजी, मग तो डाग?" मी बाही वर करून दाखवली. आहे अजून. कोपराच्या खाली, रुपयाएवढा. तो कशाचा आहे ते नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तो महारोग नव्हता, पण मी ते कधी वाडीत जाऊन सांगितलं नाही. का सांगायचं? असता तरी मी तीच होते. जन्मभर मी महारोग्यांच्या वॉर्डात ड्युटी मागून घेतली, उघड्या हातानं पट्ट्या बांधल्या. लोक विचारायचे, भीती नाही वाटत? मी म्हणायची, नावाचा गुण आहे.

पण तेवढ्यावर ती गोष्ट संपत नाही. आठवा दिवस राहिला.

आठव्या दिवशी सकाळी आई खोपीशी आली. तिच्या हातात नवं लुगडं होतं. डोळे सुजलेले. म्हणाली, "झालं बाय सात. चल."

मी म्हटलं, "मी न्हाई येत."

"आं?"

"मी आपल्या पायानं आले नव्हते. ज्यांनी काढलं त्यांनी न्यायला यावं. परत आनेपातूर आसं लिवलंय ना? मग आना."

मला वाटलं आई थोबाडीत देईल. तीन दिवस तिनं रस्त्यावर काढले होते, आणि ही कार्टी नखरे करतेय! आईनं माझ्याकडं बघितलं, फार वेळ बघितलं. मग लुगडं मांडीवर घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "बस तर मग. बगू."

आम्ही दोघी बसलो. ऊन वर आलं. तिकडं गाड्या जुंपल्या गेल्या होत्या, आईनं पहाटेच शिवळा वाटून टाकल्या होत्या. बैल पाय आपटत होते. बाप आला, आम्हाला बघितलं, काही न विचारता परत गेला. काय सांगितलं त्यानं तिकडं, मला ठाऊक नाही. तिकडं आवाज चढले, उतरले. मग एक माणूस गाड्यांच्या रांगेतून बाहेर पडला आणि काठी टेकत माळ ओलांडू लागला.

दाविदबाबा खोपीपासून दहा पावलांवर येऊन थांबले. म्हणाले, "चल पोरी. उशीर झाला."

मी म्हटलं, "हात धरून न्या."

ते जागचे हलले नाहीत. खोपीकडं बघत राहिले. तुराट्यांच्या भिंतीकडं, आतल्या अंधाराकडं. मग माझ्याशी नाही, आईशीही नाही, असं कुठंतरी बघून बोलले, "माझा धाकला भाऊ हितंच हुता. ह्याच खोपीत. मीच आनून ठिवला. सात दिस म्हनलं त्याला. मग गाड्या निगाल्या आन आमी गेलो. त्याला न्यायला कुनी आलं न्हाई. मी बी आलो न्हाई."

आईनं पदर तोंडाला लावला. हे वाडीत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. म्हाताऱ्यांना माहीत होतं. पण कोणी कधी बोललं नव्हतं.

दाविदबाबांनी काठी जमिनीवर टाकली. ती दहा पावलं ते काठीशिवाय चालत आले आणि त्यांनी माझा हात धरला. डाग असलेला. कोपराखाली, डागावरच हात ठेवून धरला. त्यांचा तळवा गार होता आणि घामानं ओला. आम्ही माळ ओलांडला. सगळे बघत होते, पोरंसुद्धा. आमच्या गाडीपाशी आलो, बापानं मला वर घ्यायला हात पुढं केला.

दाविदबाबा हात सोडेनात. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिशांतून, हनुवटीवरून, माझ्या नव्या बांगड्यांवर.

मीच म्हणाले, "बाबा, आले मी परत. सोडा आता."

तरी त्यांनी सोडला नाही. मग बापानं गाडी तशीच हाकली, आणि ते माझा हात धरून गाडीच्या बाजूनं चालत राहिले, कितीतरी लांब.